तंजावूर ते कराड, जुन्या चाकांवर

गाडी माझी होती, हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं सगळं नीट कळेल. नव्वदीच्या दशकाच्या मधली गोष्ट. कराडात तेव्हा गल्लोगल्ली केबलच्या वायरी लोंबायला लागल्या होत्या, एसटीडी बूथपुढे माणसं ताटकळत उभी असायची, आणि मी शाळेतल्या पगारातून हप्ते भरून शंभर सीसीची मोटरसायकल घेतली होती. स्कूटर नाही, मोपेड नाही, मोटरसायकल. माझ्या वडिलांचं सायकलचं दुकान होतं. ग्रीसचा वास मला अत्तरापेक्षा जवळचा. सासरी मात्र ती गाडी दारात उभी राहिली की घरातल्यांना शेजाऱ्यांकडे बघायची लाज वाटायची.

नवरात्रात रजा काढून तंजावूरला जायचं, ही कल्पना सुधीरची, म्हणजे माझ्या नवऱ्याची. मराठ्यांची एवढी जुनी राजधानी आणि आपण ती फक्त पुस्तकात वाचायची का, असं त्याचं म्हणणं. मोटरसायकलवरून जायचं, ही कल्पना माझी. थोरले भाऊजी, सुधीरचे मोठे भाऊ, हे ऐकून हसले आणि जेवणाच्या पानावर अट घातली. जा खुशाल, पण गाडी रेल्वेच्या पार्सल डब्यातून परत आली तर ती विकायची, आणि पुन्हा गाडीचं नाव काढायचं नाही. उंब्रजचं एक गिऱ्हाईक त्यांनी बघूनही ठेवलं होतं. मी सगळ्यांदेखत कबूल म्हटलं. राग आला की मी कशालाही कबूल म्हणते.

ज्यांना असा प्रवास करायचा असेल त्यांच्यासाठी रस्ता सांगते: कराड, बेळगाव, हुबळी, चित्रदुर्ग, बंगळूर, मग होसूरवरून खाली सेलम, नामक्कल, त्रिची आणि तंजावूर. तेव्हा चौपदरी वगैरे काही नव्हतं. ट्रकवाले समोरून आले की आपण मुकाट्याने मातीत उतरायचं. चित्रदुर्गाच्या आसपास वारा गाडीला बाजूला ढकलतो, तिथे मागे बसणाऱ्याने झोपू नये. सुधीर झोपायचा. बंगळुरात शहरात शिरू नका असं सगळ्यांनी सांगितलं होतं. आम्ही शिरलो, आणि एकाच चौकातून तीनदा गेलो. सेलमच्या पुढे इडली इतकी मऊ आणि स्वस्त मिळायला लागली की आम्ही दुपारचं जेवण हा प्रकारच बंद केला.

तंजावुरात जुन्या बसस्टँडजवळ लॉज घेतला. खोली स्वच्छ, पंखा चालू, मोरीत पितळेचा तांब्या. मोठ्या देवळात संध्याकाळी जा, हे माझं सांगणं. दुपारी तिथली फरशी पाय भाजते. आम्ही सूर्य कलल्यावर गेलो तर अख्खं गाव तिथे गप्पा मारायला आलेलं. बायका गजरे माळून पायऱ्यांवर बसलेल्या, आणि तो एवढा थोरला नंदी सगळ्यांच्या मध्ये घरच्या बैलासारखा निवांत. राजवाडाही पाहिला. भिंतीवरची मराठी अक्षरं वाचता आली तेव्हा सुधीरचे डोळे भरून आले, आणि माझेही. इतकं लांब येऊन आपलं अक्षर भेटणं ही वाचून कळणारी गोष्ट नाही.

दुसऱ्या दिवशी ओरत्तनाडुला गेलो. मराठ्यांच्या काळातलं छत्रम म्हणजे अन्नछत्र आणि धर्मशाळा तिथे आहे. रस्ता कालव्याच्या कडेने जातो. दोन्हीकडे भात, मध्ये नारळ, मध्येच बदकांचा तांडा. येताना मी गाडी सुधीरच्या हातात दिली, कारण मला ते सगळं मान वळवून बघायचं होतं.

आता त्या भागातली एक पद्धत सांगते, कारण तिथे जाणाऱ्याला ती माहीत हवी. कापणीच्या दिवसांत शेतकरी भाताच्या पेंढ्या डांबरी रस्त्यावर पसरतात. बस, ट्रॅक्टर, सगळी वाहनं त्यावरून जातात आणि दाणे आपोआप मोकळे होतात. वाहनांनी हळू, मधोमध जायचं असतं. सुधीरने सभ्यपणा दाखवला. कुणाच्या धान्यावरून गाडी कशी घालायची म्हणून तो कडेने गेला. कडेला पेंढ्याखाली, रस्त्याखालून पाणी जाणाऱ्या मोरीचा कठडा खचून खड्डा पडला होता.

आम्ही दोघं पेंढ्यात पडलो म्हणून खरचटण्यावर निभावलं. गाडीचं मात्र पुढचं चाक आठाच्या आकड्यासारखं पिळवटलं, आणि मागच्या रिमला असा पोचा आला की स्पोक तुटून बाहेर आले. मी रस्त्यात उभी राहून सुधीरला जे बोलले ते इथे लिहीत नाही. तेवढ्यात एक मोपेड थांबली. मोपेडवरचे गृहस्थ पन्नाशी उलटलेले, कपाळाला गंध, कॅरियरला कचेरीची पिशवी. त्यांनी माझं सगळं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुम्ही मराठी की? कोठून आलांत?"

हे पंढरीराव. त्यांचं घराणं पिढ्यान् पिढ्या तंजावुरात. ते स्वतः ओरत्तनाडुच्या सरकारी कचेरीत नोकरीला. त्यांची मराठी पोथीतल्यासारखी जुनी आणि चाल तमिळची, शेवटचा शब्द वर उचलणारी. माझी मराठी त्यांना अर्धीच कळत होती, पण रागाचं सगळं कळलं, असं त्यांनी नंतर सांगितलं. त्यांनी एका ट्रॅक्टरवाल्याला हात केला, ट्रॉलीत पेंढ्याच्या भाऱ्यांवर गाडी चढवली आणि लॉज सोडून घरी यायला लावलं. मी त्यांना मामा म्हणू लागले, त्यांच्या बायकोला मामी.

वाटेत स्टेशन लागलं. सुधीर हळूच म्हणाला की पार्सल ऑफिस उघडं दिसतंय. नवी चाकं घ्यायची तर परतीचं पेट्रोल उरत नव्हतं, आणि पाच दिवसांनी त्याला कचेरीत हजर व्हायचं होतं, रजा वाढणार नव्हती. त्याचं म्हणणं चूक नव्हतं. पण त्या डब्यात गाडी चढली की ती उंब्रजच्या माणसाची झाली. मी म्हटलं, उद्या नवमी आहे, बाजार उघडा असेल, जुनी चाकं शोधू. बंद काय ते दसऱ्याला असेल, कारण आमच्या दुकानात पान्यांना झेंडू दसऱ्याच्या सकाळी वाहायचे.

इथेच माझा हिशेब गंडला. तमिळ मुलखात हत्यारांची पूजा नवमीला. आयुध पूजा म्हणतात. सकाळी मामांच्या घरी पाहते तर सरस्वतीच्या तसबिरीपुढे पुस्तकांची चळत, मामांचं पेन, मामींची विळी, कॉलेजात जाणाऱ्या मुलीची पट्टी, मोपेडचे पाने, सगळ्यांना चंदनाचे ठिपके. मामींनी माझ्याकडे हात पुढे केला. मी माझी हत्यारांची पिशवी दिली. त्यातली स्पोक आवळायची चावी त्यांनी वेगळी काढून पुसली आणि वर ठेवली. सुधीरचा नकाशाही गेला. त्या दिवशी लिहायचं नाही, वाचायचं नाही, हत्यार धरायचं नाही. सुधीर सवयीने इंग्रजी वर्तमानपत्र उचलायला गेला तर मामींनी ते त्याच्या हातातून काढून घेतलं. वाचल्याशिवाय त्या माणसाला चहासुद्धा जात नाही. दिवसभर तो कॅलेंडरकडेही चोरून बघत होता.

तरी मामा मला गावातल्याच कीळवासलला घेऊन गेले. तिथे बाजाराच्या मागे जुन्या गाड्यांचे सुटे भाग विकणारी दुकानं आहेत. एरवी तिथे काळं तेल आणि घणाचे आवाज असणार. त्या दिवशी जमीन धुतलेली, दाराला केळीचे खुंट बांधलेले, उंबऱ्यासमोर कुंकू भरून फोडलेला कोहळा, आणि चाकांच्या ओळीच्या ओळी हार घालून भिंतीला टांगलेल्या. सेल्वम नावाच्या दुकानदाराने आमच्या हातावर चुरमुरे आणि हरभऱ्याचं सुंडल, म्हणजे कोरडी उसळ, ठेवली.

आणि मला ते दिसलं. हारांच्या मागे आमच्याच मॉडेलच्या गाडीचं, अख्खं, पुढचं चाक. त्याच्या शेजारी मागच्या मापाची रिम, छत्तीस भोकांची, क्रोम उडालेली पण गोल. मी बोट लावून फिरवून बघायला पुढे झाले, तर मामांनी माझा हात धरला. "आज नाहीं. देवीपुढें ठेविलें आहे, उद्यां काढतील."

मी विचारलं, निदान भाव तरी. सेल्वमने मान हलवली. आज भावही नाही. शिवाय चाक बांधणारा त्याचा कारागीर सणाला गावी गेलेला, तो दसऱ्यानंतरच्या दिवशी येणार, आणि तो आला तरी आधीची कामं आहेत. अख्खं चाक बसवणं सोपं. पण मागची नुसती रिम माझ्या जुन्या चाकाच्या हबवर, म्हणजे मधल्या तुंब्यावर, नव्याने बांधावी लागणार होती. एक एक स्पोक भरायचा, आवळायचा आणि मग चाकाचा आऊट काढायचा, म्हणजे ते डावीकडे-उजवीकडे डुलायचं थांबवायचं. ते मला येत होतं. वडिलांच्या दुकानात सायकलच्या चाकांवर मी हेच करत मोठी झाले. पण चावी देवीपाशी आणि रिम हाराखाली.

तो दिवस माझ्या आयुष्यातला सर्वांत लांब. मामींनी उडदाच्या पिठाचं डांगर केलं होतं, दही घालून, वर मिरचीची फोडणी. इतकं चांगलं होतं की चिडलेली असूनही मी तीनदा भात घेतला. मामी माझ्याकडे बघत होत्या. जेवण झाल्यावर त्या म्हणाल्या की उद्या पहाटे घरातलं प्रत्येकजण आपलं आपलं काम थोडं तरी करतं. मुलगी एक ओळ वाचेल, मामा एक ओळ लिहितील. दसऱ्याला सुरू केलेलं काम वर्षभर चालतं. मात्र हात घातला की ते पुरं करायचं, अर्धं सोडायचं नाही. "तूं तुझें काम कर," त्या म्हणाल्या.

विजयादशमीच्या पहाटे मुलीने तमिळमध्ये ओळ वाचली, मामांनी आपलं नाव लिहिलं, आणि मामींनी देवीपुढची चावी माझ्या हातात दिली. मी अंगणात जाऊन मोडक्या मागच्या चाकाचा पहिला स्पोक सोडला. बाकीचे सोडून हब मोकळा करून पुसेपर्यंत कॉफी तयार झाली. मग हब पिशवीत घेऊन आम्ही तिघं निघालो. मामांचा आग्रह होता की सेल्वमने कुलूप उघडण्याआधी आपण दारात हवं. वर्षातलं पहिलं गिऱ्हाईक कुणी परत पाठवत नाही.

सेल्वम आला, दिवा लावला, हार उतरवले आणि भाव सांगितला. मी माझा सांगितला. माझा भाव म्हणजे परतीचं पेट्रोल बाजूला काढून जे उरत होतं तेवढंच. त्यात घासाघीस करायला जागाच नव्हती, आणि बहुधा ते माझ्या तोंडावर दिसत होतं. त्याने थोडं खेचलं, मामांकडे बघितलं आणि पहिली विक्री म्हणून हो म्हणाला. पुढचं चाक मी जमिनीवर घरंगळवून बघितलं, प्रत्येक स्पोक चावीने वाजवून बघितला, सगळे एका सुरात बोलले. छर्रे नीट, ब्रेकचा ड्रम गुळगुळीत. जुनी चाकं घेणाऱ्यांनी एवढं तरी बघाच, आणि रिमच्या आतल्या पट्टीखाली बोट घालून गंज चाचपा. वरून चकचकीत असलेली रिम आतून कुजलेली निघते.

मग मी म्हटलं, मागचं चाक मी इथेच बांधते, तुमच्या बाकावर.

सेल्वमने बाकावर हात ठेवला आणि तो मामांशी तमिळमध्ये बोलला. मामांनी मला समजावलं. अडचण पैशाची नव्हती. आज ह्या बाकावर जे पहिलं काम होईल ते दुकानाच्या वर्षाचं काम. ते बिघडलं किंवा अर्धं राहिलं तर अपशकुन. राहुकाळ सुरू व्हायच्या आत ते पुरंही व्हायला हवं. आणि ते करणार कोण, तर परगावची बाई, जिला त्याने कधी पाना धरताना पाहिलेलं नाही. मी त्याच्या जागी असते तर मीही नाही म्हटलं असतं. सुधीर माझ्याकडे बघत होता. स्टेशन तिथून जवळच होतं, आणि ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

दुकानाच्या आत देवीच्या तसबिरीपाशी सेल्वमची आई बसली होती. कालची फुलं गोळा करत होती. ती मान वर न करता मुलाला तमिळमध्ये काही बोलली. मामा हसले आणि मला सांगितलं, "त्या विचारतात, काल हत्यारें कोणाच्या पायांशीं ठेविलींस? बाईच्याच ना? तर आज बाईनें धरलीं, ह्यांत काय बिघडलें?"

सेल्वमने बाक पुसून दिला.

मी पदर खोचला आणि बसले. नवे स्पोक त्याच्याकडूनच घेतले, ते महाग नसतात. आधी हबच्या एका बाजूचे भरले, मग दुसऱ्या बाजूचे, मग एकमेकांवरून ओलांडत रिमपर्यंत नेले. हात आपोआप चालत होते. बघ्यांची गर्दी वाढली. एक दूधवाला किटल्यांसकट थांबला. सगळे स्पोक भरून झाले आणि मी बघते तर व्हॉल्व्हचं भोक दोन स्पोकांच्या कात्रीत. एक भोक चुकलं होतं. असं चाक फिरतं, पण त्यात हवा भरायला पंपाचं तोंड जात नाही. गर्दीला काही कळलं नव्हतं. सेल्वमला कळलं होतं. तो घड्याळाकडे बघून पुन्हा माझ्याकडे बघायला लागला.

मी अर्धं चाक सोडलं आणि पुन्हा भरलं. ह्यावेळी मोजत, ओठ हलवत. सुधीर एक एक निपल, म्हणजे स्पोकच्या टोकावर बसणारा नट, माझ्या हातात देत होता. व्हॉल्व्हचं भोक मोकळ्या जागेत आलं. मग चाक आसावर टांगून, बाजूला खडू धरून हळू फिरवलं. जिथे खडू लागतो तिथे आवळ, समोरचा सैल कर. पुन्हा फिरव. खडूची रेघ आखूड होत गेली, मग नुसते ठिपके, मग तेही थांबले. चाक फिरत राहिलं, आणि कुठेच डुललं नाही.

सेल्वमने स्वतः हात लावून ते आणखी एकदा फिरवलं. त्याच्या आईने बाहेर येऊन रिमवर कुंकू लावलं. दूधवाला टाळ्या वाजवायला लागला, मग बाकीचेही. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि मला त्याची काडीची लाज वाटली नाही. मी जिंकले होते! सेल्वमने बाकाचं भाडं घेतलं नाही. उलट एक जुनी, ठिगळ लावलेली ट्यूब वर दिली, वाटेत लागेल म्हणून. मामांनी त्याचं वाक्य मला सांगितलं, "तो म्हणतो, ह्या वर्षीं धंदा चांगला होणार."

दुपारी आम्ही निघालो. मामींनी डब्यात ताकातला भात आणि लिंबाचं लोणचं दिलं. मामा मोपेडवरून गावाच्या वेशीपर्यंत सोबत आले. त्रिचीपर्यंत मी जेमतेम चाळीसने चालवत होते आणि दर थोड्या वेळाने थांबून स्पोक चाचपत होते. नवीन बांधलेलं चाक पहिल्या प्रवासात सैल पडतं, ते पुन्हा आवळावं लागतं, हे विसरू नका. करूरच्या बाजूला एकदा आवळलं, मग गरज पडली नाही. होसूरचा घाट, बंगळूर, तुमकूर. चित्रदुर्गाचा वारा ह्यावेळी पाठीमागून होता. सेल्वमची ट्यूब राणेबेन्नूरजवळ कामी आली. निपाणी ओलांडल्यावर पाट्यांवर मराठी दिसलं आणि सुधीरने त्या मोठ्याने वाचायला सुरुवात केली, खतांच्या जाहिरातींसकट.

त्या सहलीतून घरी काय आलं, असं मला अजून विचारतात. मामा-मामींची पत्रं बरीच वर्षं येत राहिली. ती त्यांची मुलगी इंग्रजीत लिहायची, कारण त्या घरात बोलायला मराठी होती पण नागरी अक्षर कुणाला येत नव्हतं. डांगर मी आजही करते. आमच्या घरी हत्यारांना हात न लावायचा दिवस आता नवमीचा, आणि दसऱ्याच्या पहाटे मी एक तरी स्पोक आवळते. पण खरं म्हणजे जे आलं ते दारातच आलं, त्या रविवारी संध्याकाळी.

आम्ही गाडीवरून अंगणात शिरलो, मी पुढे, सुधीर मागे. थोरले भाऊजी ओट्यावर बसले होते. ते उठले, गाडीभोवती फिरले. पुढचं चाक निराळंच चमकत होतं, मागच्याचं क्रोम उडालेलं. त्यांना फसवणं कठीण.

"ही चाकं आपली नव्हेत," ते म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "कुठं पाडलीस?"

मी तोंड उघडणार इतक्यात सुधीर गाडीवरून उतरला. सबंध वाटेत ह्या विषयावर तो एक शब्द बोलला नव्हता.

"दादा, पाडली मी," तो म्हणाला. "हिनं उभी केली. उंब्रजच्या माणसाला सांग, गाडी विकायची नाही."